चौथ्या गिअरमधला आवाज

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका जुन्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभा होता. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते ना, अगदी तसा. माझ्या मनात आलं, गेली माझी गाडी. जाहिरात वाचून मी सकाळी सात वाजता, तोंडात घासही न घालता धावत आले होते, आणि हे गृहस्थ माझ्याआधी हजर.

"ही गाडी बघायला मी आलेय," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

त्याने डोळे उघडले. घाई नाही, गडबड नाही. आधी माझ्याकडे पाहिलं... मग बॉनेटकडे... मग पुन्हा माझ्याकडे.

"बघा की. मला नकोय."

"मग हात कशाला लावताय?"

"गार आहे का बघतोय. विकणारा लबाड असला की गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो. गार इंजिनाची दुखणी तापल्यावर कळत नाहीत." त्याने हात उचलला आणि रुमालाला पुसला. "गार आहे. माणूस सरळ दिसतोय."

तो मेकॅनिक होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं, आणि जुनी गाडी घेण्याआधी लोक त्याला ती दाखवून घेत. ही गाडीही त्याला एका दुकानदारासाठी बघायची होती. पण दुकानदाराने आदल्या संध्याकाळी काचेतून मीटरवरचा आकडा वाचला आणि तिथूनच काढता पाय घेतला. दोन लाख एक्याऐंशी हजार किलोमीटर. तो नकार कळवायला हा आला होता, आणि आलोच आहे तर हात लावून बघू, म्हणून थांबला होता.

गाडी गुरांच्या डॉक्टरांची होती. तीस वर्षं त्यांनी गोठ्यागोठ्यांतून ती हिंडवली होती आणि आता कानांपाठोपाठ गुडघ्यांनीही असहकार पुकारला होता. जाहिरातीत लिहिलं होतं, 'फोन करू नये. बेल वाजवून थांबावे.' ते वाचूनच मी ओळखलं होतं की माणसाला ऐकू येत नाही, कारण माझा धंदाच तो. मी कान तपासते, ऐकू न येणाऱ्यांना यंत्रं बसवून देते. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी मी यंत्राबद्दल विचारलं, तर म्हणाले, गुरं काही बोलत नाहीत, त्यामुळे माझं आजवर अडलं नाही. मोठ्याने ओरडून बोललं की त्यांना ऐकू यायचं, आणि बाकीचं ते समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे.

मला गाडी हवी होती ती पहिल्या तारखेच्या आत. आमच्या दवाखान्याने आठ लांबच्या गावांची फेरी माझ्याकडे दिली होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना शहरापर्यंत येणं झेपत नव्हतं, म्हणून आपणच त्यांच्याकडे जायचं. कान तपासायचं यंत्र शिवणयंत्राएवढ्या पेटीत असायचं आणि बसच्या गर्दीत ते दोनदा आपटलं होतं. गाडी मिळाली नाही तर फेरी बंद, असं वरिष्ठांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती.

घरी दादाने आकडा ऐकूनच कपाळाला हात लावला. म्हणाला, एवढी चाललेली गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दादाला धड सायकलसुद्धा चालवता येत नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकायची त्याला फार हौस. आई मात्र गाडी खिडकीखाली लावायची की फाटकाजवळ, यावरून त्याच्याशी भांडायला लागली. बाजारात तुरी आणि यांची घरात मारामारी. म्हणून मी ठरवलं, या दोघांपेक्षा त्या बॉनेटवाल्याला विचारावं.

"घेऊ का?" दुसऱ्या सकाळी मी त्याच्या गॅरेजवर जाऊन विचारलं.

"एका नजरेत सांगत नाही मी. तीन फेऱ्या लागतात. एक सकाळी, गार इंजिनावर. एक भर गर्दीत. एक चढावर, ओझं घेऊन. मग सांगतो."

ही त्याच्या वस्तादाची शिकवण होती आणि ती तो मोडत नसे. गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. दोन दिवसांत मीही म्हणायला लागले... आणि मी त्याची 'कानवाली' झाले.

पहिल्या फेरीला डॉक्टर हट्टाने मागच्या सीटवर बसले. गाडीत औषधांचा, वाळक्या गवताचा आणि जुन्या चामड्याचा वास भरून राहिला होता. आजही कुठे ओल्या गवताचा भारा दिसला की मी नकळत खोल श्वास घेते. डॉक्टर मागून सांगत होते, या सीटवर एकदा नुकतं जन्मलेलं वासरू झोपलं होतं, या दाराचा पत्रा एका घोड्याने लाथ मारून चेपला होता. सावकाश मात्र फक्त गाडीचं ऐकत होता. सेल्फ मारताना त्याने श्वास रोखला, धुराचा रंग बघायला दोनदा खाली उतरला, गिअर बदलताना दोन बोटांनी दांडा हलका धरला. त्याची बोटं लांब होती आणि नखांच्या कडांना कितीही धुतलं तरी न जाणारी काळी रेघ होती. मी गाडी बघायला आले होते, याची मला स्वतःलाच आठवण करून द्यावी लागली.

"इतका मोठा आकडा बघून तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"आकड्याला घाबरायचं नसतं. गाडी कोणी चालवली ते बघायचं. एकाच माणसाने, एकाच हाताने चालवलेली असली ना, की तिला वळण लागलेलं असतं."

"माणसांचंही तसंच असतं का?"

"माणसांना मीटर नसतो."

"असता तर?"

त्याने गिअर बदलला. "असता तरी... तुमचा बघायची माझी हिंमत नसती झाली."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरी फेरी भर दुपारी, बाजाराच्या गर्दीत. यावेळी चालवत होते मी. क्लच जरा वरच्या बाजूला धरायचा, ते मला जमेना. ऐन चौकात गाडी बंद पडली आणि मागून सगळ्यांनी एकदम हॉर्न सुरू केले.

"सावकाश," तो म्हणाला.

"नाव सांगताय की सल्ला देताय?"

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या कामामुळे मला एक वाईट सवय जडली आहे, कुठलाही आवाज आला की तो किती मोठा, किती उंच, हे आकडे मनात आपोआप उमटतात. त्याचं हसू मोजायचं मात्र राहूनच गेलं. सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि घरी पोचेपर्यंत मी तिसऱ्या फेरीच्या दिवशी कुठला ड्रेस घालायचा याचा विचार करत होते.

त्या काळी खिशात फोन नव्हते. मंगळवारी चार वाजता म्हटलं की मंगळवारी चार वाजेपर्यंत काही म्हणजे काही कळायचं नाही, नुसती वाट बघायची. त्या वाट बघण्याची गोडी मी नंतर कशातच चाखली नाही.

तिसरी फेरी डोंगरावरची. ओझ्यासाठी आम्ही डिकीत पाण्याचे कॅन ठेवले आणि डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं भरली. गुडघे दुखत होते म्हणून डॉक्टर घरीच थांबले. अर्ध्या चढावर भुरभुर पाऊस आला. वायपर एका बाजूने करकरत होता, काचेच्या आतून वाफ धरत होती आणि तो ती स्वतःच्या बाहीने माझ्या बाजूची आधी पुसत होता. गाडी मात्र कुरकुर न करता चढत होती. माथ्यावर आम्ही थांबलो. मी थर्मासमधून चहा आणला होता, पण कप एकच, झाकणाचा.

"तुम्ही घ्या आधी," तो म्हणाला.

"तुम्ही घ्या. चालवून दमलात."

"मग अर्धा अर्धा."

त्याने कप परत दिला तेव्हा कुठल्या बाजूने तो प्यायला हे मी पाहिलं होतं... आणि कप मी फिरवला नाही. त्यानेही ते पाहिलं असावं, कारण तो एकदम टायर बघायला खाली वाकला.

तीन फेऱ्या झाल्या होत्या. आता त्याने हो किंवा नाही म्हणायचं, मी गाडी घ्यायची किंवा सोडायची आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. गाडी उत्तम होती, हे आता मलाही कळत होतं. पण त्या ओल्या माथ्यावर मला गाडीपेक्षा आणखी एक फेरी जास्त हवी होती. हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही, तेव्हा मात्र कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

उतारावर तो घसा खाकरून म्हणाला, "चौथ्या गिअरमध्ये... बारीक आवाज आहे. येतोय तुम्हाला?"

मी कान दिला. "नाही."

"गुणगुण आहे. बेअरिंगची असेल. आणखी एक फेरी मारावी लागेल."

गिअरबॉक्स खोलावा लागला तर गाडी घेण्यात अर्थ नाही, हे तो मला आधीच बोलला होता. परत आल्यावर त्याने डॉक्टरांनाही मोठ्या आवाजात सांगितलं, गिअरबॉक्समध्ये आवाज आहे. डॉक्टरांनी मान हलवली आणि गाडीकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, दुपारच्या सुट्टीत, मी आवाजबंद खोलीत जाऊन बसले आणि स्वतःचेच कान तपासले. उजवा, मग डावा. मग पुन्हा उजवा. दोन्ही कान ठणठणीत होते. मला जो आवाज ऐकू आला नाही, तो त्या गाडीत नव्हताच. म्हणजे सावकाश खोटं बोलला होता.

का बोलला? दादाला विचारण्याची चूक मी केली. दादा म्हणाला, सोपं आहे, भाव पाडून तो स्वतःच घेणार. पण दुसरंही एक कारण असू शकत होतं, आणि त्या दुसऱ्या कारणाच्या आशेवर मी चौथ्या फेरीला गेले. पाचव्या फेरीलाही गेले. तो मान तिरकी करून गिअरबॉक्सकडे कान लावायचा, माझ्याकडे बघायचा आणि पटकन नजर वळवायचा. चोराच्या मनात चांदणं.

"आज नाही येत," तो पाचव्या फेरीला म्हणाला. "लाजरा आहे."

"कोण?"

"...आवाज."

"मग पुन्हा यावं लागेल," मी म्हटलं, आणि चौथा गिअर टाकला.

पहिली तारीख दोन दिवसांवर आली तशी मला जाग आली. दुपारी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, गाडी घेते म्हणून सांगून टाकावं. डॉक्टर गाडी रिकामी करत होते. सुयांचे डबे, दोरखंड, एक जुनी कॅसेट, सगळं पायरीवर रांगेत मांडलेलं. मी का म्हणून ओरडून विचारलं, तर म्हणाले, भंगारवाल्याला बोलावलंय, चार वाजता ट्रक येईल.

"तुझ्यासारख्या मुलीच्या गळ्यात ही कशी मारू? लांबच्या रस्त्यावर बंद पडली तर?" ते बॉनेटला टेकून उभे राहिले. "बायको होती तोवर तीच गाडीचं ऐकायची. शेजारी बसून सांगायची, टायर बोलतोय, थांबा. मग मी थांबायचो. ती गेली, आणि चार वर्षं मी ही गाडी बहिऱ्या कानांनी चालवली. आतून ओरडत असेल बिचारी. मला काही कळलंच नाही." मग म्हणाले, "गाडी चांगली ठेवली, हा एकच तोरा होता गं मला."

एका माणसाच्या खोट्याने आणि माझ्या गप्प बसण्याने या म्हाताऱ्याचा तीस वर्षांचा अभिमान पायरीवर आणून मांडला होता. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण ते खोटं माझं एकटीचं नव्हतं. मी हाताने थांबा अशी खूण केली आणि गॅरेजकडे अक्षरशः पळत सुटले.

तो एका गाडीखाली झोपला होता. फक्त बूट दिसत होते.

"बाहेर या," मी म्हटलं. "गिअरबॉक्समध्ये आवाज नाही."

बूट हलले नाहीत. मग तो हळूच सरकत बाहेर आला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

"मी कान तपासते. विसरलात का?"

"नव्हतो विसरलो. पहिल्याच दिवशी पकडाल, असं वाटलं होतं. पकडलं नाहीत..." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग मला वाटायला लागलं, की..."

"ते नंतर," मी म्हटलं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला घाई करताना पाहिलं. हातही न पुसता तो निघाला आणि मला त्याच्या मागून धावावं लागलं.

ट्रक आला होता. इंजिन चालूच ठेवून दोघं जण गाडीच्या पुढच्या बाजूला साखळी अडकवत होते. सावकाश डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

"डॉक्टर, गाडीत आवाज नाहीये."

"काय?"

"आवाज नाहीये. मी खोटं बोललो."

ट्रकच्या घरघरीत डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी कानामागे हात धरला. सावकाशने आवाज चढवला, आणखी चढवला. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातली चादर तशीच धरून खाली बघू लागल्या.

"खोटं?" डॉक्टरांच्या भुवया एकत्र आल्या. "कशाला? भाव पाडायला?"

"नाही. तीन फेऱ्या संपल्या होत्या... चौथीला काही कारण नव्हतं."

"काय?"

त्या संथ माणसाने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "मला हिला परत भेटायचं होतं!"

भंगारवाल्याच्या हातातली साखळी खाली पडली. वरच्या बाईंनी चादर तोंडाशी नेली. मी कुठे बघू ते मला समजेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"एका मुलीला भेटायला माझ्या गाडीला नावं ठेवलीस?" ते म्हणाले. "मी किती दिवस स्वतःला दोष देतोय, ठाऊक आहे?"

सावकाशने मान खाली घातली. माफी मागितली असेल, पण खाली मान घालून बोललेलं डॉक्टरांना कसं कळणार? तो तसाच उभा राहिला, आणि मला वाटलं, आता बोलले नाही तर यापुढे कधीच बोलू नये.

आमच्या कामात, ज्यांच्या घरात ऐकू न येणारं माणूस असतं त्यांना आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. ओरडू नका. त्यांच्या समोर या, तोंडावर उजेड येईल असं उभं राहा आणि हळू, साध्या आवाजात बोला. मी सावकाशकडे पाठ करून डॉक्टरांच्या समोर उभी राहिले. उन्हाकडे तोंड केलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं.

"या गाडीत कधीच आवाज नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही ती फार छान ठेवलीत. मी घेतेय ती. आवाज नाही हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले, कारण... मलाही त्याला परत भेटायचं होतं. अजूनही भेटायचंय. रोज."

डॉक्टरांनी हात हलवून ट्रकवाल्यांना जायची खूण केली आणि खिशातून किल्ली काढली. ट्रकची घरघर अजून चालूच होती. मागे उभ्या असलेल्या सावकाशला माझा एक शब्दही ऐकू गेला नव्हता.

"काय म्हणाली ती?" त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "गाडी घेतेय, जुनी आहे हे माहीत असून. आणि तुलाही घेतेय, लबाड आहेस हे माहीत असून."